ट्राउट तिकडे, आम्ही चोरलला

आज १ मार्च. हिमाचलात ट्राउट मासे पकडण्यावरची चार महिन्यांची बंदी उठून मोसम सुरू झाला आणि धाकट्याने तीर्थन नदीच्या काठावरून सकाळीच फोटो पाठवला. जळलो! इंदूरला कुठला ट्राउट, त्याला बारमाही गार पाणी लागतं.

मग मासेमारीच्या ठेकेदाराला विचारून आम्ही चौघांनी इंदूरजवळच्या चोरल डॅमवर आपलीच स्पर्धा लावली. पैज पोहे-जलेबीची. कणकेत हिंग मळून गोळ्या केल्या (काकांचा नुस्खा, घरात अजून वास आहे, बोलणी मला). तीन तास गळ टाकून बसलो. माझी दोरी दोनदा हलली, दोन्ही वेळा नुसती कणीक गायब. काकांना वीतभर रोहू लागला, तोही त्यांनी लगेच पाण्यात सोडला. वर दोन प्लेट पोहे हाणले, माझ्या पैशाने.