सुंता म्हटलं आणि घरात सगळे गप्प झाले

माझा मुलगा तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. सू करताना पुढची कातडी फुग्यासारखी फुगायची आणि मग बारीक धार, कधी वाकडी, कधी नुसती ठिपकायची. मी बरेच दिवस कुणाला बोललेच नाही, आपल्यात असलं बोलायची सवयच नसते ना, ह्यांना सांगितलं तर म्हणाले मोठा झाला की सुटतं, सासूबाई म्हणाल्या आंघोळीला खोबरेल लावून रोज जरा मागं ओढत जा, लहानपणी मालिशवालीनं पण तेच सांगितलेलं. मी ओढायचे. तो रडायचा. हे लिहिताना आजही पोटात कसंतरी होतं.

मग एकदा थंडी वाजून ताप आला, लघवीत इन्फेक्शन निघालं. घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी मला न सांगता, त्याला न सांगता, एका झटक्यात कातडी मागं ओढली. तो एवढ्या जोरात ओरडला की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. माझ्या हातात पांढरा टॉवेल होता, त्यावर रुपयाएवढा रक्ताचा डाग. "झालं मोकळं, आता रोज असंच करा, नाहीतर सुंता करावी लागेल." पुढं चार दिवस तो सू धरून ठेवायचा, भिंतीला टेकून रडायचा. आणि मोकळं काही झालं नाही, उलट दोन-तीन महिन्यांत कातडीच्या तोंडाला पांढरट कडक रिंग धरली, पिशवीची नाडी आवळल्यासारखी.

घरी मी "सुंता" हा शब्द उच्चारला आणि सगळे गप्प. सासूबाई म्हणाल्या, "काय सांगालीस तू? आमच्यात असलं नसतंय. उद्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरायचाय त्याला." गड्ड्याची यात्रा म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वराची, तिच्या मिरवणुकीत उंच नंदीध्वज धरायचा मान असतो. सिद्धरामेश्वरावर त्यांची लई श्रद्धा, त्यांच्या मनात खरंच भीती होती, मी त्यांना दोष देत नाही. पण हे सुद्धा म्हणाले की लोक काय म्हणतील, शाळेत पोरं चिडवतील. पोराला सू होत नाहीये आणि आम्ही लोकांचा विचार करत बसलेलो. दुसरीकडं पुण्याचा माझा भाऊ फोनवर उलटंच सांगायचा, "ताई करून टाक, जगात एचआयव्ही टाळायला करतात." रात्री मोबाईलवर वाचत बसले तेव्हा कळलं की ते खरं आहे पण आमच्या कामाचं नाही. दक्षिण आफ्रिका, केनिया, युगांडा इथल्या मोठ्या पुरुषांवर चाचण्या झाल्या, बाईकडून पुरुषाला लागण होण्याचं प्रमाण साधारण ६०% कमी झालं आणि त्यावरून २००७ मध्ये डब्ल्यूएचओनं जिथं एचआयव्ही खूप आहे अशा देशांसाठी ती शिफारस केली. सोलापुरातल्या पहिलीतल्या पोराचा त्यात काय संबंध?

शेवटी होटगी रोडला मुलांच्या सर्जनकडं गेलो. त्यांनी आधी माझ्या मुलाला विचारलं, "बघू का रे?" तो हो म्हणाला तेव्हाच बघितलं, ओढलं काहीच नाही. मग आम्हाला बसवून सांगितलं की जन्मताना जवळजवळ सगळ्या मुलांची कातडी आतून चिकटलेलीच असते, तो आजार नाही. इंग्लंडमध्ये गेअर्डनर नावाच्या डॉक्टरनं १९४९ लाच हे लिहून ठेवलंय, आणि डेन्मार्कच्या ओस्टरनं शाळेतली मुलं वर्षानुवर्षं तपासली तर सहा-सात वर्षांच्या मुलांत ८% जणांची घट्ट होती, सोळा-सतराव्या वर्षी फक्त १%. म्हणजे बहुतेकांचं आपोआप सुटतं, नुसतं थांबायचं असतं. जोरानं ओढलं की फाटतं, फाटलं की व्रण धरतो, आणि खरा फायमोसिस, म्हणजे कातडी घट्ट आवळून बसण्याचा आजार, तिथून सुरू होतो. मी तिथंच रडले. त्यांनी एक शब्द टोचून बोलला नाही, फक्त म्हणाले, "सगळ्या आयांना हेच शिकवलेलं असतं."

आधी क्रीम दिलं, बीटामेथासोन, सकाळ-संध्याकाळ आंघोळीनंतर कोमट हातानं त्या रिंगवर बारीक थर, दुखेल असं काही करायचं नाही, सहा आठवडे. बऱ्याच मुलांचं एवढ्यावरच भागतं. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होते. आमच्या पोराला थोडा फरक पडला, फुगा कमी झाला, पण पुन्हा इन्फेक्शन आलंच, कारण व्रण. कातडी ठेवून फक्त तोंड मोठं करायचं पण ऑपरेशन असतं, ते मी स्वतः विचारलं, पण व्रण पूर्ण गोल होता म्हणून ते टिकलं नसतं असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे सुंताच.

आता घरच्यांना कसं सांगायचं. तर वाट निघाली चुलत सासऱ्यांकडून, रिटायर्ड मास्तर, इतिहास शिकवायचे. सगळे बसलेले असताना शांतपणे म्हणाले, "माझं झालंय. शुगरमुळं सारखी जखम व्हायची, अठ्ठावन्नाव्या वर्षी करून घेतलं." चुलत सासूबाई सोडल्या तर घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग म्हणाले, नेताजी पालकर औरंगजेबाकडं मुहम्मद कुलीखान झाले होते, महाराजांनी १६७६ ला त्यांना परत घेतलं, मग डॉक्टरनं औषध म्हणून काढलेल्या कातडीनं पोराचा धर्म कसा जाईल? कोकणातले बेने इस्राएली ज्यू, ज्यांना शनवार तेली म्हणायचे, ते मराठीच बोलतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, ती त्यांची खूण, आपलं हे आजारपण. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी अंगारा आणून पोराच्या कपाळाला लावला. मला तेवढं पुरलं.

शेजारच्या चाचींना मी आपणहून सांगितलं. त्यांच्या नातवाची सुन्नत वर्षापूर्वीच झालेली, फुलांचा हार, नवे कपडे, गल्लीभर जेवण, पोरगं राजासारखं बसलेलं. त्यांच्या नवऱ्याच्या वेळी न्हावी घरी यायचा, नातवाला मात्र दवाखान्यातच नेलं, भूल देऊनच. मी धीर करून विचारलं की चाची, दुखत नसताना का करायचं, मोठा झाल्यावर त्याला विचारून केलं तर? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कुराणात नाव घेऊन लिहिलेलं नाही पण इब्राहीम नबींपासूनची रीत आहे, तो आमच्यातला आहे हे त्यानं लहानपणीच अंगावर घ्यायचं असतं. मला स्वतःला विचाराल तर निरोगी पोराला चाकू लावायला माझं मन होणार नाही. जर्मनीत २०१२ ला कोलोनच्या कोर्टानं हेच म्हटलं होतं, की आईबापाच्या धर्मापेक्षा पोराच्या शरीराचा हक्क मोठा, पण त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या संसदेनं कायदा करून परवानगी दिली. म्हणजे तिथंही हे मिटलेलं नाही. पण चाचींचं प्रेम मला दिसत होतं, आणि त्यांच्या पोराला हार मिळाला, माझ्या पोराला आम्ही "कुणाला सांगू नकोस" म्हणून बजावत होतो, हे मला जास्त लागलं.

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, म्हणून पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख घेतली. रक्त तपासलं, ते थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो ते बघितलं. सहा तास जेवण-दूध बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत. पूर्ण भूल, शिवाय कमरेत एक इंजेक्शन म्हणजे उठल्यावर लगेच दुखत नाही. पाऊण तासात बाहेर आणलं. टाके आपोआप विरघळणारे. काढलेली कातडी तपासायला पाठवली, साधा व्रणच निघाला.

पहिले तीन दिवस अवघड. सूज बघून मी घाबरले, पिवळसर पातळ थर आला तो पू वाटला, फोन केला तर म्हणाले भरत आलेल्या जखमेवर असं असतं, ताप आला किंवा रक्त थांबेना तर या. कापड लागलं तरी तो कळवळायचा, सोलापुरी चादर तर शक्यच नव्हती. चाचींनी आपल्या नातवाची मऊ धुतलेली लुंगी दिली आणि एक पुठ्ठ्याचं खोकं दोन बाजू कापून, ते मांड्यांवर ठेवायचं आणि वरून लुंगी पांघरायची म्हणजे काही घासत नाही. डॉक्टरांनी सुद्धा हे सांगितलं नव्हतं. त्या खोक्यावर पोरानं स्केचपेननं खिडक्या काढल्या.

चौथ्या दिवशी बाथरूममधून ओरडला, "आई, ये की, सरळ पडलं!" सासूबाई माझ्या आधी पोचल्या. संध्याकाळी त्यानं विचारलं, चाचीच्या नातवाला सांगू का माझं पण झालं म्हणून. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "जा, सांग. पळू नकोस फक्त."