आई, मी आणि जेजूची ऊबदार जमीन

कोरियाहून येऊन आठ दिवस झाले तरी सकाळी कोथरूडच्या घरात फरशीवर पाय टाकला की दचकायला होतं, इतकी गार लागते. सगळे विचारतायत की एवढं महागडं रिसॉर्ट कसं होतं, पूल कसा होता, आणि मला आधी आठवते ती खोलीतली जमीन, म्हणून तिथूनच सुरू करते.

पण त्याआधी थोडक्यात. दादा रांजणगावला एका कोरियन कंपनीत आहे, त्याला कामासाठी सोलला जायचंच होतं आणि आईची यंदा पंचाहत्तरी, तर त्यानेच ठरवलं की तिघांनी पुढे जेजू बेटावर जायचं आणि तीन रात्री मस्त राहायचं. दिल्लीहून सोलजवळचं इंचॉन, तिथून बसने गिंपो एअरपोर्ट आणि मग तासाभरात जेजू. हा जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानमार्गांपैकी एक आहे, स्वारगेटहून एसटी सुटाव्यात तशी विमानं सुटतात. रिसॉर्ट बेटाच्या दक्षिणेला, जुंगमुनमध्ये. एका रात्रीचे 5,50,000 वॉन, म्हणजे आपले 34 हजारांच्या आसपास. आईला आकडा सांगितला नव्हता, पण लॉबीत शिरल्यावर ती देवळात बोलतो तसं हळू बोलायला लागली त्यावरून तिला अंदाज आलाच असणार.

तर जमीन. दादाने मुद्दाम ओंडोल खोली मागितली होती. म्हणजे पलंग नाही, जमिनीवर जाड गाद्या, आणि ती अख्खी जमीन खालून गरम. पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालच्या दगडी बोळांतून फिरवून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर काढायचे, स्वयंपाक पण व्हायचा आणि खोली पण तापायची, आता खालून गरम पाण्याच्या नळ्या असतात. आईने चपला काढून पाऊल टेकलं आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अगं, आमच्या वाड्यात थंडीत बंब पेटला की आम्ही सगळी भावंडं त्याला टेकून बसायचो, तसं वाटतंय." सदाशिव पेठेतला तो वाडा पडून कित्येक वर्षं झाली. गुडघेदुखीमुळे ती इथे जमिनीवर बसतच नाही, पण तिथे रात्री जेवणानंतर पाय पसरून भिंतीला टेकून तासभर गप्पा मारत बसली, मला तर तेवढ्यातच सगळे पैसे वसूल झाले.

पूल पण सुंदरच होता, उघड्यावर, गरम पाण्याचा, नोव्हेंबरातला भन्नाट वारा आणि पाण्यातून वाफा निघतायत. नाश्त्याचा बुफे मात्र मला जरा अतीच वाटला, इतकं अन्न कोण खातं. आई शाकाहारी, आणि किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाजीच्या लोणच्यात पण बहुतेक वेळा मासळीचा सॉस नाहीतर खारवलेली कोळंबी असते, त्यामुळे पहिल्या दिवशी तिने फक्त भात आणि संत्री घेतली. तिथला भात चिकट, अगदी आपल्या गुरगुट्या भातासारखा, त्यावर तिने डबीतलं मेतकूट घातलं. किचनमधल्या एका मुलाने ते पाहिलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्याने न सांगता अंडं-मांस वगळून बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, करून टेबलावर आणून ठेवला. तिथे टीप द्यायची पद्धत नाही. आईने त्याला हात जोडून नमस्कार केला, तो कमरेत वाकला.

रिसॉर्टजवळच जुसांगजॉल्लीचे कडे आहेत, लाव्हा थंड होताना तडकून झालेले काळे, बहुतेक षटकोनी खांब, थेट समुद्रात उभे. दादा सह्याद्रीत ट्रेक करणारा, तो खूशच, बसाल्ट आहे म्हणाला, आपलाच दगड. बेटाच्या मधोमध हल्लासान ज्वालामुखी, उंची 1,947 मीटर, हा आकडा आपण कसा विसरणार! कळसूबाईपेक्षा 300 मीटर जास्त. आणि शेतांना सगळीकडे त्याच काळ्या दगडांचे गडगे, चुना-माती काही नाही, मधल्या फटींतून वारा जातो म्हणून ते पडत नाहीत.

शेवटच्या दिवशी सॉंगसानला हेन्यो बघितल्या. या समुद्रात बुडी मारून शंखशिंपले, समुद्री शेवाळ काढणाऱ्या बायका, ऑक्सिजनचा सिलिंडर नाही काही नाही, फक्त श्वास रोखून. 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत ही परंपरा आली, पण तरुण मुली फारशा येत नाहीत, बहुतेक जणी साठी-सत्तरीच्या पुढच्या. वर आल्या की श्वास सोडताना शीळ वाजल्यासारखा आवाज येतो. आई कठड्याला धरून बघत होती. तिच्याच वयाच्या बायका आणि ते गार पाणी, परत येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही.

रात्री दिवा घालवल्यावर गादीवरून तिचा आवाज आला, "त्या बायकांच्या घरी पण अशीच गरम जमीन असेल का रे?"

दादा म्हणाला, "हो आई, इथे जवळजवळ सगळ्याच घरांत असते."

"मग बरंय," म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.