ड्रॅग क्वीनला नऊवारी नेसवायला गेले तेव्हा (माझा अनुभव)

मी डोंबिवलीला साड्या नेसवून देते. लग्न, मुंज, डोहाळजेवण आणि पाडव्याच्या शोभायात्रेला तर पहाटे चारपासून घरात रांग. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की ताई शनिवारी लावणीची नऊवारी नेसवाल का, अंधेरीला यावं लागेल, तर मी नेहमीसारखं विचारलं, मुलीची उंची किती आणि कंबर किती. उत्तर आलं, उंची पाच फूट दहा, कंबर कुठली सांगू, खरी का संध्याकाळची?

मग फोनवर कळलं की तो मुलगा दिवसा बँकेत असतो आणि महिन्यातून एक-दोनदा क्लबमध्ये ड्रॅग करतो, म्हणजे बाईचा वेष करून स्टेजवर नाचतो. ड्रॅगबद्दल मला एवढंच माहीत होतं की २०१८ ला झी टीव्हीच्या सारेगमपमध्ये राणी कोहिनूर म्हणून सुशांत दिवगीकर यायचा, तेव्हा आम्ही सगळे जेवता जेवता बघायचो. क्लबची पायरी कधी चढले नव्हते. नवरा म्हणाला रात्रीचे डबल घे, सासूबाई काही बोलल्या नाहीत, मी हो म्हणून टाकलं.

पाच वाजता त्याच्या घरी पोचले. दोन वार जास्तीची नाडी, पिनांचा डबा, काठाला लावायच्या क्लिपा सगळं घेऊन. मी सर सर करत होते तर म्हणाला, "ताई आत्ता नावाने हाक मारा, विग लागला की मॅडम म्हणा." बरं बाबा.

आणि मेकअपला पुरते तीन तास लागले हो! आधी भुवया गायब. फेविस्टिक घासायची, केस चप्प बसवायचे, वाळलं की परत घासायची, वरून पावडर मग कन्सीलर, आणि नव्या भुवया बोटभर वर काढायच्या म्हणजे डोळ्यावर रंग भरायला जागा मिळते. मला ते जवळून फारच भडक वाटत होतं, तर म्हणाला स्टेजचा लाईट अर्धा मेकअप खातो. पटलं, कारण बँक्वेट हॉलमधल्या नवरीचंही तेच होतं.

तो रंगवत बसलाय तोवर आपण माप घेऊन ठेवू म्हणून मी माप घेतलं, निऱ्या घालून क्लिपा लावून तयार ठेवल्या. इथेच माती खाल्ली. कारण त्यानंतर आले पॅड! सोफ्याचा फोम कात्रीने कापून कडा अगदी पातळ केलेल्या, ते दोन्ही मांड्यांच्या बाहेरून लावायचे, वरून एकावर एक चार टाइट्स, वरून कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळायचा कडक पट्टा. खांदे काही कमी करता येत नाहीत ना, म्हणून खाली रुंदी वाढवायची आणि मध्ये आवळायचं, की मग बघणाऱ्याला खांदे दिसतच नाहीत. माझं माप गेलं पाण्यात. सगळ्या निऱ्या सोडल्या.

दुसरी भानगड म्हणजे खोचायचं कुठे. आपण पोटाशी बोट घालून साडी खोचतो, इथे कॉर्सेट म्हणजे लाकडी फळी, बोट शिरेना आणि वर सॅटिन असल्यामुळे पहिली गाठच सरकायला लागली. शेवटी कॉर्सेटवर नाडी करकचून बांधली आणि सगळी साडी त्या नाडीत खोचली. काष्टा मागे ओढला तर डावा पॅड काष्ट्याबरोबर मागे निघाला. त्यालाच सांगितलं दोन्ही हातांनी पॅड दाबून धर, मग हळू ओढला आणि पिना थेट फोममध्ये मारल्या. एवढं मोकळेपणाने पिना मारायला मला कुठल्या नवरीने दिलंय!

त्याआधी बाथरूमला जाऊन यायला सांगितलं होतं हे माझं नशीब, कारण चिकटपट्ट्या, चार टाइट्स आणि वर काष्टा, आता पहाटेपर्यंत सुटका नाही. पाणीसुद्धा स्ट्रॉने दोन घोट.

क्लबमध्ये आम्ही मागच्या दाराने. सिक्युरिटीवाल्या बाईने पिनांचा डबा उघडून बघितला, मग नऊवारी बघितली आणि म्हणाली, "छान नेसवलीये, चापूनचोपून." आत अंधार, छातीत धडधडणारा आवाज, मी भिंतीला टेकून पर्स पोटाशी धरून उभी. पावणेएकला तिचा नंबर लागला (हो, आता ती). गाणं ती गात नाही, ओठ हलवते, पण ढोलकीचा तोडा पडला आणि तिने पदर दातात धरून अशी गिरकी घेतली की पोरंपोरी किंचाळायला लागली. आणि मी? मी काष्टा बघत होते. नाच कसा झाला विचाराल तर अर्धा मला आठवत नाही.

लोक नोटा घेऊन पुढे यायला लागले तेव्हा मात्र मी दचकले. इंग्रजीत टिप म्हणत होते, पण हा तर सरळ दौलतजादा. गावच्या जत्रेत तमाशाला वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेला, तिथे नाच्याही पुरुषच असायचा आणि त्याला सगळे हसायचे. इथे कोणी हसत नव्हतं. एक मुलगी नोट देऊन चक्क पाया पडली.

पहाटेच्या लोकलने घरी आले. सासूबाई चहा टाकत होत्या, त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांची आई म्हणे बालगंधर्वांच्या साडीच्या गोष्टी सांगायची, बायका नाटकाला जाऊन नेसणं शिकून यायच्या. चष्मा लावून दोनदा बघितला, मग म्हणाल्या, "काष्टा जरा डावीकडे गेलाय."

गेलाच होता. तो पॅड.