टाचेची खळी

गाडीत वास येत होता. आधी मी तो बुटांवर ढकलला, मग बाबांच्या ओल्या छत्रीवर. शेवटी आरशाला एक सुगंधी डबी टांगली, तेव्हा एखाद्या बंद पडलेल्या वाचनालयात कुणीतरी अत्तराची बाटली फोडावी तसं काहीतरी झालं. मग एके दिवशी शेजारच्या सीटपुढे उकिडवी बसले आणि जमिनीवरचा गालिचा मुठीत धरून पिळला. बोटांच्या फटींतून पाणी आलं. वरून हात फिरवला तर मात्र खडखडीत कोरडा.

गाडीचा गालिचा असाच फसवतो. आपल्याला दिसते ती वरची लव, आणि ती दोन तासांत सुकते. तिच्या खाली असतो जाड फोमचा किंवा जुन्या चिंध्या-धाग्यांच्या नमद्याचा थर. आवाज आणि उष्णता अडवण्यासाठी बसवलेला हा थर पाणीही तितक्याच निष्ठेने धरून ठेवतो. हे पाणी येत होतं एसीमधून. एसी हवा गार करताना तिच्यातली वाफ थंड जाळीवर धरतो, तिचं पाणी होतं आणि ते एका बारीक नळीतून गाडीखाली ठिबकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली छोटंसं थारोळं दिसतं, ते हेच. नळी कचऱ्याने बुजली की ते पाणी मुकाट्याने गाडीत उतरतं. आमच्या गाडीखालचं थारोळं काही महिन्यांपूर्वी दिसेनासं झालं होतं आणि मला वाटलं होतं, चला, गळती आपोआप थांबली!

नळी तारेने मोकळी केली. काम पाच मिनिटांचं. पण गालिचा वाचण्यातला नव्हता, आणि तो आपणच बदलायचा असं मी जाहीर करून बसले.

खरं तर तो बदलावा असं आधीही कधी कधी वाटायचं, पण एका गोष्टीवर अडायचं. ही गाडी बाबांनी 16 वर्षं चालवली. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यापाशी उजवी टाच जिथे टेकते, तिथे त्यांच्या टाचेने एक खळी पाडलेली होती. लव झडलेली, तळ गुळगुळीत, कडा चकचकीत. ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाताना टाच उचलायची नाही, जागच्या जागी फिरवायची, ही त्यांची शिस्त. गाडी माझ्याकडे आल्यावर दोन बोटं पुढे दुसरी खळी पडू लागली. माझं पाऊल लहान, त्यामुळे टाच पेडलच्या जवळ. दोन्हींच्या मध्ये अजून थोडी लव शिल्लक होती.

बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले. गालिचा म्हणजे सतरंजी, ओढली की निघेल, अशी त्यांची समजूत असावी. पण कारखान्यात गाडी जोडताना गालिचा सीटच्या आधी आत जातो आणि मग सीट, मधला कन्सोल, सीटबेल्टचे पट्टे, दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या असं सगळं त्याच्यावर येऊन बसतं. त्यामुळे तो काढायचा तर गाडी उलट्या दिशेने जोडत जावी लागते. आधी बॅटरीची ऋण तार सुटी केली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. सीटखाली जे पिवळे कनेक्टर असतात ते एअरबॅगचे आणि पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचे. त्यांच्यात साठलेली वीज उतरू द्यावी लागते. या बाबतीत घाई करणाऱ्याने गालिच्याच्या वाटेला जाऊच नये.

"काय बघत बसलीस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, थांबलेय."

"थांबण्यापासूनच सुरुवात?"

एका सीटला 4 बोल्ट असतात, त्यातले 3 सुटतात. चौथ्यासाठी मी लांब दांड्याचा पाना, गंज सोडवणारं तेल आणि माझ्या वयाला न शोभणारे शब्द वापरले. तो सुटला तेव्हा मी मागच्या दारावर आपटले. सीटखाली काय सापडलं याची यादी देत नाही, पण बाबांचं हरवलेलं पेन सापडलं आणि "ते मी कुणाला तरी दिलं होतं" म्हणून आठ वर्षं चाललेला एका शेजाऱ्यावरचा राग त्या दिवशी संपला.

प्लास्टिकच्या पट्ट्या हे वेगळंच प्रकरण. त्या खाचेत अडकवलेल्या क्लिपांवर बसतात आणि ओढल्या की 'टक्' आवाज येतो. क्लिप सुटली तरी हाच आवाज आणि तुटली तरी हाच. सातव्या 'टक्'नंतर मी बघणं सोडून दिलं.

"अगं, सतरंजी बदलायला सबंध घर पाडतेयस," बाबा म्हणाले. तोवर गाडीत फक्त स्टिअरिंग आणि पेडल उरली होती, त्यामुळे मला उत्तर सुचलं नाही.

गालिचा बाहेर आला आणि अंगणात स्वतःच्या आकारात बसून राहिला. मध्ये बोगद्याचा, म्हणजे दोन सीटांमधून मागे जाणाऱ्या फरशीच्या कण्याचा उंचवटा, चारही जणांच्या पावलांसाठी खड्डे. रिकामी गाडीच जणू कुणी मऊ करून ठेवली होती. गालिचा म्हणताना आपल्या मनात माग असतो, ताणा-बाणा असतो. अशा बहुतेक गालिच्यांत विणकाम नसतंच. पॉलिस्टरच्या सुट्या तंतूंच्या थरात काटेरी सुया हजारो वेळा वर-खाली टोचतात आणि तंतू एकमेकांत गुंततात. मग ते कापड तापवून साच्यात दाबतात, की फरशीचा आकार त्याच्या अंगी मुरतो. यातलं बरंचसं पॉलिस्टर वापरून फेकलेल्या बाटल्यांचं असतं. म्हणजे बाटलीतून पाणी प्यायचं ते प्यायचं आणि मग बाटलीनेच पाणी प्यायचं.

खाली पत्रा होता. त्यावर जागोजागी काळे, डांबरासारखे चौकोन चिकटलेले. घाण समजून मी पट्टी घेऊन खरवडायला निघाले, तर बाबा पहिल्यांदा खुर्चीतून उठले. "त्याला हात लावू नकोस. ते काढलंस तर गाडी पत्र्याच्या डब्यासारखी वाजेल." खरंच, पत्र्याची थरथर दाबायला ते चौकोन लावलेले असतात. खुर्चीत बसून बोलण्याचा हक्क कधी कधी कमावलेलाही असतो. पाणी साचलं होतं तिथे तळहाताएवढा गंज धरला होता. तारेच्या ब्रशने घासला, मग प्रायमर, मग रंग. आणखी एक उन्हाळा गेला असता तर तिथून रस्ता दिसला असता. मग दोन दिवस चारही दारं उघडी ठेवून पंखा लावला.

नवा गालिचा घड्या घालून खोक्यात आला होता. तो उन्हात पसरला, तासाभराने घड्या सैल पडल्या. बसवताना मधल्या बोगद्यापासून सुरुवात करायची आणि तळहाताने बाहेर बाहेर दाबत न्यायचं. कापाकापी अगदी शेवटी. कडा जास्तीच्या असतात आणि त्या उंबऱ्याच्या पट्टीखाली जातात. बोल्टच्या जागा दाभणाने चाचपायच्या आणि तिथे अधिकच्या खुणेसारखी छोटी चीर द्यायची. ड्रिल चुकूनही लावायचं नाही. तंतू त्याच्या टोकाला गुंडाळले जातात आणि लव उपटून निघते. हे सगळं मला पाठ होतं. तरीही पट्ट्याच्या बोल्टची चीर मी दोन सेंटिमीटर चुकवलीच. ती आता प्लास्टिकच्या झाकणाखाली आहे. झाकली मूठ.

पेडलपाशी मात्र मी नको तितकी चिकित्सा केली. गालिचा तिथे जरा जरी फुगला तरी ॲक्सिलरेटर अडकू शकतो. म्हणून पेडल तळापर्यंत दाबून, सोडून, पुन्हा दाबून पाहिलं. वरची मॅट तिच्या आकड्यांत अडकवली.

जोडणी संपत आली तेव्हा एक बोल्ट कमी. जादा उरला असता तर निदान विनोद झाला असता. सीटचा बोल्ट कमी असणं ही हसायची गोष्ट नव्हे. मी अंगण झाडलं, डबे उलटे केले, बाटलीतलं तेलसुद्धा ओतून पाहिलं. बाबा शांत. तासाभराने त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. "हा होय? हरवेल म्हणून ठेवला होता."

बॅटरी जोडली. गाडीचं घड्याळ बारा वाजून शून्य मिनिटांवर आलं, एअरबॅगचा दिवा लागला, मी श्वास रोखला, तो विझला.

आता वास येत नाही. गाडी सुरू करताना टाच पूर्वीची जागा शोधते आणि सपाट, दाट लवेवर घसरते. नवा जोडा चावतो, तसं. माझी खळी पडायला वेळ लागेल.

बाबा हल्ली शेजारच्या सीटवर बसतात. परवा गाडी पुसताना त्यांच्या बाजूची मॅट उचलून बाहेर काढली. तिच्यावर उजवीकडे, जिथे पेडलच नाही तिथे, लव थोडी बसलेली दिसली. गेल्या महिन्याभरात माझ्या प्रत्येक वळणावर ते तिथून ब्रेक दाबताहेत.