मापाचं ब्लाउज

मे महिन्यात लग्न काढणाऱ्या नागपूरकरांना एकदा भर दुपारी माझ्या पुढच्या खोलीत आणून बसवायला पाहिजे. कूलरमध्ये कितीही पाणी ओता, तासाभरात टाकी कोरडी. रेशमावर घामाचा थेंब पडला की डाग, म्हणून मी कपाळाला फडकं बांधून कटिंग करते. पण तक्रार कोणत्या तोंडानं करू? वर्षाची कमाई लग्नसराईतच होते.

सक्करदऱ्याकडे एका गल्लीत मी १९९८ पासून लेडीज कपडे शिवते. आजवरच्या मापांच्या सगळ्या लांब वह्या मी ठेवल्या आहेत. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि खाली उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही, गळा. नवरा दर दिवाळीला म्हणतो, रद्दीत घाल. मी घालत नाही. एखादी बाई दहा वर्षांनी येते, "माझं माप आहे ना तुमच्याकडे?" म्हणते, आणि मी जुनी वही काढून दाखवली की आपल्याच कंबरेचा आकडा पाहून हसत सुटते.

एका पोरीची पानं मात्र माझ्या बहुतेक सगळ्या वह्यांत आहेत. तिचं नाव इथे लिहीत नाही. वहीत ती 'छोटी, मागचा वाडा' अशीच आहे.

पहिली नोंद २००४ ची. छाती २४. भुलाबाईसाठी परकर-पोलकं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी घरोघर भुलाबाई-भुलोजीपुढे टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. सासरच्या जाचाची आणि माहेरच्या ओढीची ती गाणी, आणि म्हणणाऱ्या सात-आठ वर्षांच्या. त्यांचं सगळं लक्ष शेवटी खिरापत काय निघते याच्यावर. ही टेप लावू देईना, सारखी हलायची. मग म्हणाली, "काकू, परकराला खिसा ठेवा." खिरापत न्यायला! मी आतून खिसा लावला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या तिघी तशाच खिशासाठी हजर.

मग शाळेचे ट्युनिक. आठवीपासून सलवार-कमीज. त्या वर्षी तिची आई पहिल्यांदा माझ्या कानाशी येऊन बोलली, "ताई, थोडं सैलच ठेवा." तेव्हापासून वहीत प्रत्येक मापापुढे माझ्याच अक्षरात 'सैल' लिहिलेलं आहे. बी.कॉम. होईपर्यंत सैल. आणि मग एक दिवस तीच आई म्हणाली, "आता जरा फिटिंग द्या." मुलीला कळलं, मलाही कळलं. वीसपंचवीस वर्षांत हे मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलं आहे. कोणत्या वर्षी पोरीनं झाकून राहायचं आणि कोणत्या वर्षी उठून दिसायचं, हे ठरवणारं कॅलेंडर पोरीच्या हातात कधी पाहिलं नाही.

डिसेंबर २०१९, मोतिया रंगाचं ब्लाउज, छाती ३२. हे पाहण्याच्या कार्यक्रमाचं. साडी आजीची करवतकाठी, टसरची, काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते ती. भंडाऱ्याकडचे विणकर विणतात. एवढी जुनी साडी, पण काठ अजून धारदार.

त्या ब्लाउजचा इतिहास मला पाठ आहे, कारण प्रत्येक पाहुण्यांआधी ते माझ्याकडे येत होतं. पहिल्या वेळी बाही एक इंच वाढवली, मुलाची आई जुन्या वळणाची आहे म्हणून. दुसऱ्या वेळी वाढवलेली बाही पुन्हा आत घेतली, मुलगा पुण्यात असतो म्हणून. एका घराला तिची पाच फूट एक इंच उंची कमी वाटली, तर त्याच्या पुढच्या वेळी आईनं विचारलं, "ब्लाउजची उंची कमी केली तर पोरगी उंच दिसते का वो?" मी काय सांगणार! एका घरानं पसंती कळवली आणि सोबत पुढे नोकरी न करायची अटही. तेव्हा तिनंच नाही म्हटलं. मधे कोरोनात दीड-दोन वर्षं सगळंच थांबलं. परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत तिचा फोटो याच ब्लाउजमधला, खाली वजन ५० किलो.

तेवढ्यात तिला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. खापरीपर्यंत मेट्रो, पुढे ऑफिसची गाडी. पहिल्या पगारात आईला साडी, आजीला चष्मा आणि मला संत्रा बर्फीचा डबा. पोरगी भरली. गालावर तेज आलं. मला तर ती तेव्हाच खरी सुंदर दिसायला लागली. २०२३ च्या फेब्रुवारीत अमरावतीचं स्थळ जमलं, साक्षगंध झालं, गांधीबागेत बस्ता निघाला. शालू मुलाकडचा आणि त्यावरचं ब्लाउजही तेच शिवून आणणार होते. फक्त मापाचं ब्लाउज पाठवा म्हणाले. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला मायलेकी माझ्या दारात उभ्या. हातात मोठी पिशवी. नवरदेवाच्या भावानं शालू आणि ब्लाउज आत्ताच आणून दिलं होतं. संध्याकाळी सहाला हळद.

"काकू, हे बसून नाही राहिलं."

पडद्यामागे जाऊन पाहिलं. राणी रंगाचं, प्रिन्सेस कट, आत कप, मागे हुक, कोपरापर्यंत बाही. काम सुरेख होतं. आणि पाठीवर हुक-काजांमध्ये तीन बोटं अंतर. बाही दंडावर इतकी आवळलेली की हात वर होईना. उद्या हार कसा घालणार?

मी टेप लावला. छाती ३५. ब्लाउज उलटं केलं, शिलाईत कापड किती आहे पाहिलं. दोन सूत, म्हणजे जेमतेम पाव इंच! आम्ही कमीत कमी इंच-दीड इंच सोडतो. बाई जाड होते, बाळंत होते, वाळते, ब्लाउज तिच्यासोबत चाललं पाहिजे. या बुटीकवाल्यांनी सगळं इंटरलॉकवर कापून टाकलेलं. सगळं उसवलं तरी अर्धा इंच मिळाला असता.

"मापाला कोणतं पाठवलं होतं?" मी विचारलं.

आई पंख्याकडे पाहायला लागली. मग म्हणाली, "तेच. मोतिया."

तीन वर्षांपूर्वीचं! पोरगीही पाहतच राहिली.

"बायोडाटात पन्नास किलो लिहिलं होतं ना," आई म्हणाली, "नवं माप पाठवलं असतं तर विहीणबाईंच्या लक्षात आलं असतं. मला वाटलं, लग्नापर्यंत उतरशील."

तेव्हा मला कळलं, गेले तीन महिने ही पोरगी माझ्याकडे आली की चहा का नको म्हणायची. घरी दोन फुलके मोजून वाढले जात होते.

"आणि नाही उतरली तर लग्न मोडणार होतं का वं, आई?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी घड्याळाकडे पाहत होते. रडायला वेळ नव्हता.

मार्ग तीन होते. सोनेरी तयार ब्लाउज आणायचं. नाहीतर पाठ उघडी ठेवून वरून शेला, या उन्हाळ्यात! तिसरा मी जरा चाचरत सांगितला. शालूचं आतलं, खोचायचं टोक कुणाला दिसत नाही. तिथून अडीच इंचांची पट्टी निघाली तर दोन्ही बाजूंना काखेखालून बाहीच्या टोकापर्यंत ती जोडता येते. रंग तोच, पोत तोच. फॉल टोकापासून वीतभर आत सुरू होतो, त्यालाही धक्का नाही.

"लग्नाचं वस्त्र कापायचं?" आईनं छातीवर हात ठेवला. "सासरचा शालू आहे ताई. मी विहीणबाईंना आधी फोन लावते."

एवढ्यात काठी टेकत आजी आली. वाडा मागेच, कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. खुर्चीवर बसली, सगळं ऐकून घेतलं.

"माह्या लग्नात मी तेरा वर्साची होती," आजी म्हणाली. "नऊवारी लुगडं एवढं मोठं झालं का चालता येये ना. दोघी जणी धरून चालवत होत्या मले. लोक म्हणे, नवरी कुठं आहे, लुगडंच येऊन राहिलं. तवा कोणी कापून देल्लं असतं त म्या पाया पडली असती त्याच्या."

आजीचं लग्न १९५६ चं. माझी मुलगी वकिलीला होती तेव्हा तिच्या पुस्तकात मी एकदा वाचलं होतं : १९२९ च्या शारदा कायद्यात मुलीचं वय १४ होतं, १९४९ मध्ये ते १५ केलं आणि १८ व्हायला १९७८ उजाडलं. म्हणजे आजीचं लग्न त्या वेळच्या कायद्यातही बसत नव्हतं. पण उमरेडकडच्या खेड्यात वय विचारायला कोण येणार होतं? आजीला तर आपली जन्मतारीखही माहीत नाही. पोळ्याच्या पाडव्याचा जन्म, एवढंच.

आई फोनवर नंबर शोधत होती. छोटीनं तिच्या हातातून फोन घेतला आणि माझ्या कटिंगच्या टेबलावर पालथा ठेवला.

"शालू मला दिला ना? मग माझा आहे. काकू, कापा."

हजारो साड्या मी हाताळल्या असतील, पण दुसऱ्याच्या शालूला कात्री लावताना तळहात ओला झाला होता. पट्टीनं रेघ मारली, दोन वेळा मोजली आणि कापलं. जरीच्या जागी कात्री जरा अडली, तेवढाच आवाज. आईनं डोळे मिटून घेतले होते.

बाजूच्या शिलाया उसवायला अर्धा तास गेला. इंटरलॉक उसवणं म्हणजे डोक्यातल्या उवा काढण्यासारखं काम. अस्तराला जुळता तुकडा माझ्या चिंध्यांच्या पोत्यात सापडला. टाके घालून झाले, पहिली पट्टी मशीनखाली सरकवली आणि लाइन गेली. मोटर बंद, पंखा बंद, कूलर बंद.

नशीब, जुनं पायमशीन मी मोडीत दिलं नव्हतं. पट्टा चढवला, तेल सोडलं. खोलीत अंधार, कारण उन्हासाठी खिडकीला पोती लावलेली. छोटी मोबाइलचा टॉर्च धरून शेजारी उभी राहिली, आजी वर्तमानपत्रानं मला वारा घालत होती आणि आई, मघापासून नुसती उभी होती ती, खाली बसून एकेक तुटका धागा वेचायला लागली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग धागे वेचता वेचताच आई म्हणाली, "मले वाटलं, पुन्हा नकार नको यायला." छोटीनं टॉर्च न हलवता दुसरा हात आईच्या डोक्यावर ठेवला.

साडेपाचला घालून पाहिलं. हुक लागले. "हात वर कर," म्हटलं. केला. "आता दोन्ही." केले. "आता खोल श्वास घे." तिनं घेतला, आणि सोडताना एकदम म्हणाली, "काकू, भूक लागली."

घरात सकाळचे पोहे होते, गार झालेले. वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकायलाही वेळ नव्हता. उभ्या उभ्या दोन प्लेटा खाल्ल्या तिनं. आई पाहत होती, पण काही म्हणाली नाही. शालूचं कापलेलं टोक मी पिको करून दिलं आणि ती हळदीला पळाली.

दुसऱ्या दिवशी लॉनवर मंगलाष्टकं मी ऐकलीच नाहीत. माझे डोळे तिच्या काखेवर. हार घालायला तिनं दोन्ही हात वर नेले, नवरदेवाला मित्रांनी उचलून धरलं होतं, म्हणून तिला टाचाही उंच कराव्या लागल्या. पट्टी कुठे संपते आणि ब्लाउज कुठे सुरू होतं, मलाच कळत नव्हतं.

जेवायच्या पंगतीत तिची सासू आग्रह करत आमच्याकडे आली. सून सोबत होतीच.

"ब्लाउज काय बसलं आहे पाहा सुनेला! आमच्या अमरावतीच्या बुटीकची बाईच तशी आहे, नुसत्या मापाच्या ब्लाउजवरून."

छोटीची आई मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन तशीच राहिली. मी वांग्याच्या भाजीत मान घातली.

"हो ना आई," छोटी म्हणाली, "काखेत तर एकदम बरोबर." आणि माझ्या ताटात तिनं आणखी एक जिलेबी वाढली.