काटा हलेना, पट्टा मात्र सैल

जिम सुरू करून तीन महिने झाले. आज सकाळी काट्यावर ७८.४ किलो. मागच्या महिन्यात ७८.६. दोनशे ग्रॅम! एवढं तर घामातच जातं. तोंड पाडून पँट चढवली, तर पट्टा एक भोक आत गेला. संध्याकाळी ६० किलोचे स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन उठाबशा, पाच वेळा मारले. पहिल्या आठवड्यात २० किलोचा नुसता बारच जड वाटायचा. ट्रेनर म्हणाला, "दादा, नवीन माणसाची चरबी उतरते नि स्नायूही चढतात. काट्याला काय कळणार?"

खरी मारामारी प्रोटीनची. वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम धरलं तरी रोज ११५-१२० ग्रॅम, आणि वाटीभर वरणात जेमतेम सहा-सात! म्हणून सोयाबीनच्या वड्या, पनीर, पुन्हा वड्या. भाकरी एकच कमी केलीय, तरी आईला मी उपाशीच वाटतो. आज वरणावर गुपचूप तुपाची धार होती. खाल्ली.