"मॅडम, ते नुसतं ट्रोलिंग होतं"

ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी 2013 च्या कायद्याप्रमाणे ही समिती करते. कलम 16 मुळे कुणाची ओळख देता येत नाही, म्हणून तपशील बदलले आहेत.

सपोर्ट टीममधल्या एका नव्या मुलीच्या नावाने ऑफिसमधल्याच एका मुलाने डेटिंग ॲपवर बनावट प्रोफाइल उघडलं. फोटो ऑफिसच्या दिवाळीचा, नंबर तिचा खरा. रात्रपाळीत तिला अनोळखी पुरुषांचे फोन येऊ लागले. कॉल लॉगचे कागद तिने स्टेपल करून आणले होते, मध्यरात्रीनंतरचा प्रत्येक नंबर पिवळ्या हायलायटरने रंगवलेला. आणि अर्जाची पहिलीच ओळ होती, "तसं हे ट्रोलिंगच आहे, पण मला त्रास होतोय." इतका त्रास सोसूनही तिनेच आधी त्याची बाजू सांभाळून घेतली होती. मला ते फार लागलं.

त्या मुलाने सगळं लगेच कबूल केलं. "मॅडम, आमच्या ग्रुपमध्ये सगळे सगळ्यांना ट्रोल करतात. मनावर घ्यायचं नसतं." टीम लीड साक्षीला आले ते "हुशार मुलगा आहे हो" म्हणतच.

अशा चौकशीत दोन्ही बाजू स्क्रीनशॉट आणतात आणि ते बहुतेक वेळा सोयीचं तेवढं कापलेले असतात. मी त्यांच्यावर कधीच थांबत नाही. चौकशीपुरते समितीला दिवाणी न्यायालयासारखे कागदपत्रं मागवण्याचे अधिकार आहेत, ते वापरायचे असतात. ॲडमिनकडून त्यांच्या ग्रुपच्या चॅट चॅनलचा सर्व्हरवरचा एक्स्पोर्ट, म्हणजे मेसेजची पूर्ण नोंद, मागवला: तारीख, वेळ, कुठला मेसेज कधी बदलला, कधी काढला, सगळ्यासकट. त्यात एक ओळ सापडली. "आज रात्री बघा तिचं तोंड." वेळ संध्याकाळची, तिची पाळी सुरू व्हायच्या आधीची. तिने तक्रार दिली त्याच दुपारी ही ओळ काढून टाकलेली होती.

मी विचारलं, "मस्करी होती तर काढली कशाला?" तो गप्प. "सगळ्यांना करता ना? टीम लीडचा नंबर कधी टाकलात अशा प्रोफाइलवर? मॅनेजरचा?" त्याने मान खाली घातली. एक्स्पोर्टमध्ये ज्यांची अशी खिल्ली उडवलेली दिसत होती, त्या सगळ्या प्रोबेशनवरच्या मुली होत्या. उलट उत्तर देऊ शकणारा एकही माणूस त्यात नव्हता.

एचआरला प्रकरण सलोख्याने मिटवायचं होतं. कायद्यात सलोखा आहे, पण तो तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या बदल्यात तर नाहीच. तिने मागितला नव्हता. तरी चहाच्या वेळी तिला बाजूला घेऊन "पोराच्या करिअरचा विचार कर" असं सांगितलं गेलं. हे मी अहवालात लिहिलं, आणि का लिहिलं असं विचारणाऱ्यांना पुन्हा तेच सांगेन.

मसुद्यावर मात्र वाद झाला. एका सदस्याने "ट्रोलिंग स्वरूपाचे वर्तन" असं लिहिलं होतं. माणूस सज्जन आहे, त्यांना ते सौम्य आणि न्याय्य वाटलं. मी ते काढायला लावलं. कायदा विचारतो, ते वागणं तिला नकोसं होतं का, त्यामुळे तिच्या कामात अडथळा आला का, वातावरण धास्तीचं झालं का. करणाऱ्याला गंमत वाटत होती, याने यातलं काहीच बदलत नाही. शेवटी आम्ही केलेली कृत्यं जशीच्या तशी लिहिली: तिच्या नावाने प्रोफाइल उघडलं, तिचा नंबर टाकला, फोन येण्याची वाट पाहिली, पुरावा काढून टाकला. अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं, तेव्हा त्या सदस्यांनीही सही केली.

तक्रार सिद्ध झाली. कारवाईसाठी कंपनीकडे 60 दिवस आहेत. पोलिसांत जायचं की नाही, हे ती ठरवतेय. बनावट प्रोफाइलला माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि 66डी (तोतयेगिरीने फसवणं) ही कलमं लागतात, आणि तिला जायचं असेल तर मदत करणं कंपनीवर बंधनकारक आहे, एवढं मी तिला नीट समजावून सांगितलं.

माझं डोकं अडलंय ते "तिचं तोंड" या ओळीखालच्या नऊ हसऱ्या इमोजींवर. ते नऊ जण तिच्याच मजल्यावर बसतात. समितीपुढे ते फक्त साक्षीदार. त्यांच्याबद्दलही काही करा, असं मी शिफारशीत घातलंय. व्यवस्थापनाचं उत्तर अजून आलेलं नाही.